मध्यस्थाचें इमान

गृहस्थाश्रमांत मनुष्य नाना प्रकारचे व्यवहार करतो. परंतु घर विकण्याचा किंवा घेण्याचा प्रसंग बहुतेक कुटुंबांवर एका पिढींत एकदां, फार तर दोनदां येतो. धान्य, कापड, भांडीं या वस्तु आपण वारंवार घेतों, आणि एकदां फसलों तर पुढील वेळीं सावध होतों. घराच्या बाबतींत ही पुढील वेळ सहसा येत नाहीं. उलट जो मध्यस्थ हा व्यवहार जुळवून देतो, त्याचा हा रोजचा उद्योग असतो. कोणतें घर किती दिवस विकाऊ पडलें आहे, कोणास पैशाची निकड आहे, कोणत्या कागदांत गुंता आहे, हें त्यास ठाऊक असतें. आपणांस तें ठाऊक नसतें. जेथें एकास सर्व माहीत आणि दुसऱ्यास कांहींच माहीत नाहीं, तेथें केवळ आपल्या हुशारीवर विसंबून चालत नाहीं. समोरच्याचें इमान लागतें. तें इमान म्हणजे नेमकें काय, आणि गृहस्थानें तें कोणत्या शब्दांत मागावें, याचा विचार या महिन्याच्या सदरांत करण्याचें योजिलें आहे.

उदाहरणादाखल यवतमाळ जिल्ह्यांतील नेर हें तालुक्याचें गांव डोळ्यांसमोर ठेवूं. जुन्या माणसांच्या बोलण्यांत तें 'नेर परसोपंत' म्हणून येतें. नगर परिषदेच्या नांवांत तें 'नेर-नबाबपूर' आहे. कापूस, तूर व सोयाबीन यांवर चालणारा हा मुलूख. अशा गांवांतून शिकलेलीं मुलें नागपूर, पुणें, मुंबई येथें आणि तेथून परदेशीं गेलीं. मागें राहिला तो वाडा, त्याचीं गळकीं कौलें, एखादे वृद्ध काका-काकू, आणि सात ठिकाणीं विखुरलेले वारस. दुसऱ्या बाजूस गांवाच्या कडेच्या शेतांतून ले-आउट पडतात व भूखंडांच्या पाट्या लागतात. पुण्यास राहणाऱ्या वारसास नेरांतील भाव ठाऊक नसतो. आणि निवृत्तीनंतर नेरांत घर बांधूं इच्छिणाऱ्या शिक्षकास त्या भूखंडाचा पूर्वेतिहास ठाऊक नसतो. दोघांसही मध्यस्थ हवा असतो. म्हणून दलालीचा धंदाच हीन, असें म्हणून नाक मुरडणें अन्यायाचें होईल. दोन अपरिचित कुटुंबांची गांठ घालणें, दहा वेळां जाऊन घर दाखविणें, रुसलेल्या वारसांची समजूत काढणें हे श्रम आहेत, आणि श्रमाचा मोबदला घेण्यांत कमीपणा नाहीं. प्रश्न आहे तो मोबदला कोणत्या मार्गानें घेतला याचा.

वऱ्हाडास हा प्रश्न नवीन नाहीं. नेराच्या पश्चिमेस, फार दूर नसलेल्या कारंजें (लाड) येथें सन १८८६ मध्यें, हैदराबादच्या रेसिडेंटाच्या हुकुमान्वयें, कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. हिंदुस्थानांतील अशा प्रकारचा तो पहिला बाजार गणला जातो. त्या काळीं वऱ्हाड हा मुलूख निजामाचा, पण कारभार इंग्रजांचा, अशी व्यवस्था होती. पुढें सन १८९७ मध्यें वऱ्हाडासाठीं कापूस व धान्य यांच्या बाजारांचा स्वतंत्र कायदा झाला. बाजारावर देखरेख ठेवण्यास समिति आली, आणि दलाल व मापारी यांना परवान्याच्या शिस्तींत आणण्यांत आलें. सन १९२८ च्या शेतकी कमिशननें देशांत अन्यत्रही असे नियंत्रित बाजार काढावेत, अशी शिफारस केली.

ही शिस्त कां लागली, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. जुन्या बाजारांतून भाव ठरविण्याची एक रीत अशी होती कीं, दोघांचे हात रुमालाखालीं जात, बोटें दाबून आंकडा ठरे, आणि ज्याचा माल त्या शेतकऱ्यास तो आंकडा कळेच असें नसे. नियंत्रित बाजारांत उघड लिलाव आला आणि हा रुमाल हळूहळू दूर झाला. कापसाच्या एका गाडीसाठीं जो उघडेपणा आवश्यक ठरला, तो जन्माच्या कमाईच्या घरासाठीं तर अधिकच आवश्यक आहे. परंतु घराचा भाव पुष्कळदां अद्याप रुमालाखालींच ठरतो. मध्यस्थाकडून अपेक्षावयाच्या सर्व नीतीचें सार, आमच्या मतें, एवढेंच आहे : त्यानें रुमाल काढून व्यवहार करावा.

पहिला प्रश्न असा : तो कोणाचा माणूस आहे? घर विकणाऱ्यास शक्य तितकी अधिक किंमत हवी असते, आणि घेणाऱ्यास शक्य तितकी कमी. एकच मनुष्य मनापासून दोघांचाही वकील होऊं शकत नाहीं. दोन्ही पक्षांना ठाऊक असून, दोघांच्या संमतीनें, तो केवळ गांठ घालून देण्याबद्दल दोघांकडून दलाली घेत असेल, तर त्यांत लपवाछपवी नाहीं. परंतु विकणाऱ्याच्या ओसरीवर बसून 'मी तुमचा' म्हणावयाचें आणि घेणाऱ्याच्या घरीं चहा घेतांना 'मी तुमचाच' म्हणावयाचें, हा विश्वासघात होय. भारतीय करार कायदा सन १८७२ चा आहे. त्यांत प्रतिनिधीच्या कर्तव्यांचें एक संबंध प्रकरण आहे, आणि तें आजही तितकेंच लागू आहे. त्यांतील दोन दाखले प्रत्येक घरांत माहीत असावेत असे आहेत. एका मालकानें आपली जमीन विकण्यास प्रतिनिधीस सांगितलें. जमीन पाहतांना प्रतिनिधीस तींत खाण असल्याचें आढळलें. त्यानें खाणीची गोष्ट लपविली आणि 'मीच घेतों' म्हणून जमीन घेतली. कायदा म्हणतो, सत्य उघडकीस आल्यावर ती विक्री मानावी कीं मोडावी, हें मालकाच्या मर्जीवर आहे. दुसरा दाखला घर घेणाऱ्याचा : अमुक घर आपल्यासाठीं घ्या, असें सांगितलें असतां प्रतिनिधीनें 'तें मिळत नाहीं' असें कळविलें आणि स्वतःसाठीं घेऊन टाकलें. तेथें मालकास अधिकार असा कीं, प्रतिनिधीनें दिलेल्या किमतीसच तें घर आपणांस देण्यास तो त्यास भाग पाडूं शकतो. वाड्याच्या मागें आज खाण सांपडणार नाहीं. परंतु रस्ता रुंद होणार आहे, शेजारची जागा विकली जात आहे, कोणी मोठा खरेदीदार फिरत आहे, या वार्ता खाणीपेक्षां कमी मोलाच्या नसतात. त्या मालकापासून लपवून स्वतःच्या किंवा मेहुण्याच्या नांवें जागा घेणारा मध्यस्थ त्याच दाखल्यांतला आहे.

दुसरा प्रश्न मोबदल्याचा. 'तुम्हांला इतके, वरचे माझे' ही बोली अनेक गांवांतून ऐकूं येते. वरवर ती सोयीची भासते. समजा, एका वाड्याच्या वारसांना ४० लाख रुपये मिळतील असें सांगितलें, आणि घेणाऱ्यास तोच वाडा ४६ लाखांस सांगितला. मधले सहा लाख कोणाचे? वारस समजतात, आपणांस योग्य भाव मिळाला. घेणारा समजतो, विकणाराच हट्टी आहे. दोघांची भेट होऊं नये, निदान एकांतांत होऊं नये, यासाठीं मध्यस्थ झटतो. म्हणजे गांठ घालून देणें हें ज्याचें काम, त्याचाच स्वार्थ गांठ न पडण्यांत गुंततो. त्यापेक्षां शेंकडा अमुक, असें आधींच ठरवून, कागदावर लिहून, दोन्ही पक्षांसमक्ष सांगितलेली दलाली थोडी अधिक वाटली तरी स्वस्त पडते. दलालीचा दर आपल्याकडे कायद्यानें ठरविलेला नाहीं. तो बोलण्यानें ठरतो. म्हणूनच तें बोलणें उघड असावें. प्रतिनिधीनें मागतांक्षणीं हिशेब दिला पाहिजे, आणि ज्या कामांत त्यानें गैरवर्तन केलें त्या कामाच्या मोबदल्यावर त्याचा हक्क राहत नाहीं, हेंही १८७२ चा कायदाच सांगतो.

तिसरा प्रश्न सत्याचा. मध्यस्थ हा वकील नव्हे; पण त्यास जें ठाऊक आहे तें सांगणें त्याचें कर्तव्य आहे. विदर्भांत जमिनीचे गुंते विशेष आहेत. शेतजमिनीचा सातबारा पाहतांना भोगवटा वर्ग एक कीं वर्ग दोन, हें प्रथम पाहावें. वर्ग दोनची जमीन सरकारी परवानगीवांचून विकतां येत नाहीं. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीस देण्यावर १९६६ च्या जमीन महसूल संहितेचे कडक निर्बंध आहेत. विदर्भाच्या १९५८ च्या कुळकायद्याप्रमाणें शेतकरी नसलेल्या मनुष्यास परवानगीखेरीज शेतजमीन घेतां येत नाहीं. विनोबांनीं १९५१ सालीं आरंभिलेल्या भूदानांत मिळालेल्या जमिनीही या भागांत आहेत. भूमिहीनास दिलेली ती जमीन इतर मालमत्तेप्रमाणें विकण्याची वस्तु नव्हे. गांवठाणांतील घरासाठीं आखीव पत्रिका पाहावी, आणि तीवर आजोबांचें नांव अजून तसेंच असेल तर वारसांच्या नोंदी आधीं करून घ्याव्यात. ले-आउटमधील भूखंड असेल तर अकृषिक परवानगी आणि मंजूर नकाशा डोळ्यांनीं पाहावा. साध्या मुद्रांकावर नोटरीपुढें सह्या करून भूखंड 'आपला' होत नाहीं. त्यास नोंदणी झालेलें खरेदीखतच लागतें. हें सर्व जो रोज पाहतो त्या मध्यस्थानें 'कागद स्वच्छ आहेत' असें सैल वाक्य बोलूं नये. कोणते कागद पाहिले आणि कोणते पाहिले नाहींत, तें सांगावें. 'हें मला ठाऊक नाहीं, वकिलास दाखवा,' असें म्हणणारा मध्यस्थ मिळाला तर त्याची गांठ सोडूं नये.

सत्याचाच एक लहानसा भाग म्हणजे जाहिरातींतील 'जवळ' हा शब्द. नेराच्या उत्तरेकडील अमरावती जिल्ह्यांतून समृद्धि महामार्ग गेला. नागपूर ते शिर्डी हा त्याचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजीं खुला झाला. आतां कोणी एखादा भूखंड 'समृद्धीजवळ' म्हणून सांगितला, तर त्या महामार्गावर कोठूनही चढतां येत नाहीं, ठराविक ठिकाणींच चढावें लागतें, हें ध्यानांत धरून, त्या ठिकाणापर्यंत किती किलोमीटर, एवढें विचारावें. प्रामाणिक मनुष्य आंकडा सांगतो.

आतां नव्या कायद्याकडे वळूं. सन २०१६ चा स्थावर संपदा कायदा १ मे २०१७ पासून पूर्णपणें अंमलांत आला आणि त्याच दिवसापासून महाराष्ट्राचें नियामक प्राधिकरण, ज्यास लोक 'महारेरा' म्हणतात, तें काम करूं लागलें. या कायद्यानें घरांच्या मध्यस्थास नोंदणी सक्तीची केली. नोंदणी केलेल्या प्रकल्पांतील भूखंड किंवा सदनिका विकून देणाऱ्या मध्यस्थाजवळ नोंदणी-क्रमांक असला पाहिजे, आणि तो त्यानें प्रत्येक व्यवहारांत नमूद केला पाहिजे. नोंदणी न झालेल्या प्रकल्पाचें काम त्यानें अंगावर घेऊं नये, हिशेबाच्या वह्या ठेवाव्यात, बिल्डरास नसलेली मंजुरी आहे असें भासवूं नये, आणि घेणाऱ्यास नोंदवणीच्या वेळीं सर्व माहिती व कागद मिळवून द्यावेत, अशीं त्याचीं कर्तव्यें त्यांत लिहिलीं आहेत. तीं मोडल्यास दिवसास १०,००० रुपये, आणि एकंदरींत त्या जागेच्या किमतीच्या शेंकडा पांचांपर्यंत दंड होऊं शकतो. सन २०२३ मध्यें महारेरानें मध्यस्थांसाठीं शिक्षण व परीक्षा ठेविली. १ जानेवारी २०२४ पासून त्या परीक्षेचें प्रमाणपत्र आवश्यक झालें आहे. म्हणजे १८९७ सालीं कापसाच्या बाजारांत जें घडलें, तें घरांच्या बाजारांत येण्यास एकशेंवीस वर्षें लागलीं.

मात्र या कायद्याची मर्यादा ओळखावी. नगर परिषदेच्या हद्दींत ५०० चौरस मीटरांहून मोठ्या जमिनीवर ले-आउट पाडून कोणी भूखंड विकत असेल, तर त्या प्रकल्पाची नोंदणी लागते. ती महारेराच्या संकेतस्थळावर घरबसल्या पाहतां येते. नोंदणीकृत प्रकल्पांत करारपत्र नोंदविण्यापूर्वीं किमतीच्या शेंकडा दहांहून अधिक रक्कम घेण्यास मनाई आहे. परंतु आजोबांचा जुना वाडा विकतांना हा कायदा आपल्या मदतीस येत नाहीं. तेथें १८७२ चा करार कायदा, आपण लिहून घेतलेला कागद, आणि माणसाची पारख एवढेंच आपल्या हातीं राहतें. म्हणून इसाराची रक्कम मध्यस्थाच्या हातीं न देतां सरळ मालकाच्या खात्यांत भरावी, आणि तिची पावती मालकाच्याच सहीची असावी.

येथवर मध्यस्थाचीं कर्तव्यें झालीं. परंतु या प्रश्नाची दुसरी बाजू न सांगणें हा पक्षपात होईल. कारण मध्यस्थाच्या हातचा रुमाल पुष्कळदां आपणच पुरविलेला असतो. खरेदीखतांत कमी किंमत दाखवून उरलेली रोख कशी द्यावी, याची वाट त्यास कोण विचारतें? सुशिक्षित गृहस्थच विचारतात. स्थावराच्या व्यवहारांत वीस हजार किंवा अधिक रुपये रोख घेण्यास २०१५ पासून आयकर कायद्याची मनाई आहे. तरी ही चौकशी थांबलेली नाहीं. जो मध्यस्थ आपल्यासाठीं सरकारास फसवितो, तो उद्यां दुसऱ्यासाठीं आपणांस फसवील, यांत आश्चर्य कसलें? व्यवहार जुळल्यावर विकणारा व घेणारा परस्पर भेटून दलाली बुडवितात, तेंही याच पंक्तींतलें.

दुसरी गोष्ट बहिणींची. सन २००५ च्या दुरुस्तीनें एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेंत मुलीस मुलाइतकाच जन्मसिद्ध वांटा मिळाला, आणि सर्वोच्च न्यायालयानें २०२० सालीं तो पुनः ठामपणें सांगितला. तरीही वाडा विकतांना, 'बहिणींच्या सह्या तेवढ्या घेऊन द्या, हक्कसोडपत्र करून टाकूं,' हें काम मध्यस्थावर सोंपविलें जातें. जो मध्यस्थ त्या भगिनींना कागद वाचून दाखवितो, वाड्याची खरी किंमत सांगतो आणि मगच सही मागतो, त्याच्यावर कित्येक भाऊ रागावतात. वस्तुतः तोच त्या घराची अब्रू राखीत असतो. कारण न सांगतां घेतलेली सही भावंडांचा जो संबंध तोडते, तो कोणत्याही खरेदीखतानें पुनः जोडतां येत नाहीं.

तिसरी गोष्ट बोलण्यास अधिक अवघड आहे. अमेरिकेंतील घर-मध्यस्थांच्या राष्ट्रीय संघानें सन १९१३ मध्यें आपली नीतिसंहिता केली. या धंद्यांतील अगदीं आरंभींच्या संहितांपैकीं ती एक. परंतु १९२४ सालीं त्याच संहितेंत एक कलम आलें कीं, ज्यांच्या येण्यानें वस्तींतील जागांचे भाव उतरतील अशा वंशाच्या किंवा राष्ट्राच्या लोकांना मध्यस्थानें त्या वस्तींत आणूं नये. वंशाचा हा उल्लेख १९५० पर्यंत टिकला, आणि अशा वर्तनाबद्दल त्या संघानें जाहीर क्षमा मागितली ती २०२० मध्यें. नीतीच्या पुस्तकांतच अनीति कशी लिहिली जाते, याचें हें उदाहरण आपणांस दूरचें वाटूं नये. 'गिऱ्हाईक आपल्यांतलेंच आणा', 'भाडेकरू अमक्या समाजाचा नको', हें वाक्य आपल्या ओसरीवरही बोललें जातें. आपण तें हळूच बोलतों आणि मध्यस्थ तें निमूटपणें अंमलांत आणतो; नकार ऐकण्याचा अपमान मात्र कोणा तरी सज्जन कुटुंबाच्या वांट्यास येतो, आणि कारण त्यास कधींच सांगितलें जात नाहीं. घर विकणाऱ्यानें पैसा वेळेवर मिळेल कीं नाहीं हें पाहावें. भाड्यानें देणाऱ्यानें भाडेकरू घर नीट ठेवील कीं नाहीं हें पाहावें. यापलीकडची चाळणी मध्यस्थाच्या हातीं देणें म्हणजे त्यास अन्यायाचा मुखत्यार करणें होय. अशी चाळणी लावण्यास जो स्वच्छ नकार देतो, त्यास उद्धट न समजतां सभ्य समजावें.

तेव्हां मध्यस्थ ठरवितांना घरांतील कर्त्या माणसांनीं, आणि त्यांत स्त्रियाही आल्या, एकत्र बसून एक साधा कागद करावा. तुम्ही कोणाच्या बाजूनें काम करणार. दलाली किती, कोण देणार, आणि केव्हां. समोरच्या पक्षाकडूनही घेणार आहांत काय. ही जागा घेण्यांत तुमचा किंवा तुमच्या नातलगाचा कांहीं संबंध आहे काय. कोणते कागद तुम्हीं स्वतः पाहिले. आणि आलेली प्रत्येक मागणी, लहान असो वा मोठी, आम्हांस कळविणार ना? एवढ्या प्रश्नांचीं उत्तरें त्यानें लिहून द्यावीं. सर्व वारसांना, दूरच्या बहिणींसुद्धां, त्याची प्रत पाठवावी. त्याच कागदावर आपणही लिहून द्यावें कीं, किंमत पूर्ण दाखवूं, दलाली बुडविणार नाहीं, आणि कोणाची सही फसवून मागणार नाहीं. अशा कागदानें ज्याचा स्वाभिमान दुखावतो तो मध्यस्थ निघून जाईल; त्यास जाऊं द्यावें. जो राहील तो बहुधा विश्वासाचा निघेल, आणि त्याची ठरलेली दलाली शेवटच्या रुपयापर्यंत, हंसतमुखानें, त्याच दिवशीं द्यावी.